स्कॉटिश हायलँड्समध्ये ग्रॅव्हल सायकलिंग: रूट कसा ठरवायचा आणि सुरुवात कुठून करायची

पुण्यातून कुणीतरी मेसेज करतं, नाहीतर लंडन-मँचेस्टरला राहणारं आपलंच कुणीतरी फोन करतं, आणि प्रश्न ठरलेला: हायलँड्समध्ये ग्रॅव्हल बाइकवर (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल) फिरायचंय, चार-पाच दिवस आहेत, एखादा रूट पाठव ना. पूर्वी मी लगेच जीपीएक्स फाइल (फोनवर रूट दाखवणारी) पाठवून मोकळा व्हायचो. मग एकदा माझ्याच फाइलवर भरवसा ठेवून एक मित्र चौदा किलोमीटर आत गेला, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, ओढा मांडीपर्यंत चढलेला आणि अशा वेगात की समोरचा रस्ता दिसतोय पण पाय टाकायची हिंमत होत नाही, शेवटी तेवढेच चौदा किलोमीटर उलटे, तेही समोरच्या वाऱ्यात. सुखरूप आला, पण चूक माझी होती, कारण त्या रूटवर ओढा पायी ओलांडायचाय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी फाइल पाठवत नाही, रूट कसा ठरवायचा ते सांगतो, आणि आता तेच एकदा नीट लिहून काढतोय.

माझा क्रम असा: आधी ट्रेन, मग वारा, मग पाणी, मग रस्त्याचा सरफेस, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी. आपण सगळे उलटं करतो, आधी म्हणतो रोज ८० किलोमीटर मारू आणि मग नकाशा उघडतो. इथे चांगल्या फॉरेस्ट रोडवर ताशी १८-२० सहज पडतात आणि त्याच दिवशी पुढच्या खडबडीत तुकड्यावर ताशी ६ पडतात, त्यामुळे दिवस तासांत मोजा.

दोन शब्द आधीच सांगून ठेवतो कारण ते सारखे येणार. लॉख म्हणजे सरोवर, ग्लेन म्हणजे डोंगरांमधलं लांबलचक खोरं.

परवानगी लागते का

नाही, आणि ही या देशाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक सगळ्या जमिनीवर फिरायचा हक्क दिलाय, त्यात सायकल आली आणि तंबू ठोकणंही आलं. इंग्लंडमध्ये असं नाही, तिथे पायवाटेवर सायकल चालवायचा हक्क नसतो, त्यामुळे तिकडून येणारे आपले लोक इथे इस्टेटचं, म्हणजे मोठ्या खाजगी जमिनीचं, मोठं गेट बघून परत फिरतात. फिरू नका. गाड्यांसाठीच्या गेटला कुलूप असलं तरी बाजूला सहसा माणसासाठी छोटं गेट असतं. गेट जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

हक्काला दुसरी बाजू आहेच. घरांच्या अगदी जवळून, उभ्या पिकातून जायचं नाही. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इस्टेटवर हरणांच्या शिकारीचा जोर असतो, तेव्हा गेटवर पाटी लावलेली असली तर ती वाचा आणि सांगितलेला ट्रॅक धरा. जंगलात लाकूडतोड चालू असेल आणि रस्ता बंद असल्याचा बोर्ड असेल तर रविवारी कुणी दिसत नाही म्हणून घुसायचं नाही, तोडलेल्या ओंडक्यांचे ढीग घसरतात. आणि लॉख लोमंड अँड द ट्रोसाक्स नॅशनल पार्कमध्ये १ मार्च ते ३० सप्टेंबर ठरावीक किनाऱ्यांवर तंबूसाठी परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं.

ट्रेन आणि वारा

इथल्या लोकल कंपनीच्या, म्हणजे स्कॉटरेलच्या गाड्यांत सायकल फुकट नेता येते, पण हायलँड्सकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्यांवर सायकलची जागा आधी रिझर्व्ह करावी लागते आणि जागा मोजक्या असतात. ग्लासगो-ओबान मार्गावर काही गाड्यांना २०२१ पासून वेगळा डबा जोडतात, त्यात २० सायकली मावतात. लंडनहून येणाऱ्यांसाठी यूस्टनहून रात्री निघणारी कॅलेडोनियन स्लीपर आहे, सकाळी डोळे उघडतात तेव्हा खिडकीबाहेर डोंगर असतात. तीतही सायकलची जागा तिकिटासोबतच बघायची, नंतर बघू म्हटलं की गेली.

ट्रेन आधी का, तर दोन वेगवेगळ्या रेल्वे लाइन वापरता आल्या तर सायकल एका दिशेने चालवता येते आणि मग वाऱ्याला पाठ देता येते. इथे वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. म्हणून सरळ रेषेतला रूट असेल तर नैऋत्येकडून ईशान्येकडे आखा, फोर्ट विल्यमहून इनव्हरनेसकडे, उलट नाही. चाळीस किलोमीटरच्या उघड्या ग्लेनमध्ये समोरचा वारा काय करतो ते ज्याने भोगलंय त्याला हे पटवावं लागत नाही. फेरी मारून परत येणार असाल तर उघडा भाग जाताना, पाय ताजे असतानाच, वाऱ्याविरुद्ध घ्या आणि जंगलाचा भाग परतीला ठेवा.

नकाशावर सरफेस वाचायला शिका

मोबाइल ॲप रूट बनवून देतं आणि त्यावर रंगीत पट्टी दाखवतं, इतकं डांबर, इतकी खडी. त्यावर विसंबू नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्या, फोनवर चालेल, पण एक कागदी सोबत हवाच. ॲव्हीमोरच्या आसपास फिरायला १:५०,००० चा लँडरेंजर ३६ नंबर पुरतो. त्यात दोन समांतर रेघांनी दाखवलेला रस्ता म्हणजे गाडी जाते असा ट्रॅक, तिथे ग्रॅव्हल बाइक बहुतेक वेळा चालते. एकच तुटक रेघ म्हणजे पायवाट. पायवाट दिसली की मी मनात धरतो की सायकल ढकलायची आहे, ताशी ३-४ किलोमीटर, आणि चालवायला मिळाली तर बोनस. दोन किलोमीटर ढकलणं ठीक आहे, आठ किलोमीटर असेल तर दुसरा रूट शोधा.

मग सॅटेलाइट फोटो उघडा. फिकट रंगाचा रुंद पट्टा असेल तर फॉरेस्ट रोड, दोन बारीक रेघा आणि मधे हिरवं असेल तर जुना ट्रॅक, चिखल धरणारा. आणि जिओग्राफ नावाची साइट आहे, ब्रिटनच्या जवळपास प्रत्येक चौरस किलोमीटरचे लोकांनी काढलेले फोटो तिथे आहेत, तुमच्या ट्रॅकचा नेमका फोटो बऱ्याचदा सापडतो. माझ्या मित्राचा तो ओढासुद्धा तिथे होता, मी बघितला नव्हता इतकंच.

पाणी

नकाशावर ट्रॅक ओढा ओलांडतो तिथे फोर्ड असं लिहिलंय का बघा, म्हणजे पूल नाही, पाण्यातून जायचंय. एफबी लिहिलं असेल तर पादचारी पूल आहे. रूटवरच्या सगळ्या फोर्डवर पेनाने गोल करा आणि प्रत्येकासाठी आधीच ठरवा की पाणी जास्त असलं तर परत फिरायची वाट कोणती. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही, पावसाळ्यात ओढा कसा अर्ध्या तासात फुगतो ते आपण बघितलेलं असतं, फक्त इथे ते जूनमध्ये होतं तसं जानेवारीतही होतं आणि पाणी बर्फासारखं गार असतं. सेपा ही सरकारी संस्था नद्यांची पातळी ऑनलाइन दाखवते आणि डोंगरातल्या हवामानासाठी एमडब्ल्यूआयएसचा अंदाज आहे, दोन्ही आदल्या रात्री बघा.

माझा नियम साधा आहे. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर नाही. ओलांडायचंच तर सायकलवर बसून नाही, उतरून, बूट घालूनच, आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे पाण्याने ती ढकलली गेली तरी तुमच्या पायांवर येत नाही. बूट भिजतात, भिजू द्या, अनवाणी पायाला तिथला गोटा दिसत नाही.

ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं, ते पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीमुळे, घाण म्हणून नाही. तरी वर कुठे मेंढी मरून पडली असेल सांगता येत नाही, फिल्टर ठेवा.

पहिला दिवस: ॲव्हीमोरची फेरी

पहिल्यांदा येताय तर इथेच सुरू करा. केर्नगॉर्म्स हे ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, ॲव्हीमोर त्याच्या कुशीत, ग्लासगो किंवा एडिनबर्गहून ट्रेनने तीन तासांच्या आत-बाहेर. सायकल भाड्याने मिळते, भारतातून येणाऱ्याने सायकल खोक्यात भरून आणायचा खटाटोप एवढ्यासाठी करू नये, फक्त स्वतःची पेडल आणि बूट आणावेत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, तेवढं एक सोपं.

फेरी साधारण ४५ ते ५० किलोमीटरची, चढ फारसा नाही, पण पूर्ण दिवस द्या. स्टेशनवरून इनव्हरड्रुई, तिथून लॉख अन एलन. या लॉखमधल्या बेटावर पडका किल्ला आहे, पाण्यातून थेट भिंती वर आलेल्या. इथे थांबाच. लॉखच्या पूर्वेच्या काठाने पुढे गेलं की रॉथीमर्कसच्या जुन्या पाइनच्या जंगलात शिरणारी वाट लागते. ही झाडं लावलेल्या जंगलातल्यासारखी रांगेत उभी नसतात, प्रत्येकाचा आकार वेगळा, खोडाचा वरचा भाग नारिंगी, खाली ब्लेबेरी आणि हेदरची गुडघ्याएवढी झुडपं, आणि पाऊस पडून गेला असेल तर राळेचा वास असा येतो की आपोआप वेग कमी होतो. वाट इथे अरुंद आहे आणि मुळं आडवी येतात, ओली मुळं तिरकी घेऊ नका, सरळ घ्या आणि त्यावर ब्रेक लावू नका. चालणारे बरेच असतात, लांबूनच घंटी वाजवा, हळू व्हा, दोन शब्द बोला.

लॉखन डिओ नावाच्या छोट्या तळ्यापाशी वाट ग्लेन आयनिखच्या ट्रॅकला छेदते, सरळ जायचं. मग नदीवर केर्नगॉर्म क्लबचा १९१२ सालचा लोखंडी पादचारी पूल लागतो. त्यानंतर पिकॅडिली नावाचा फाटा, हो, जंगलातल्या चौकाला हेच नाव आहे. उजवीकडे लॅरिग ग्रू या प्रसिद्ध खिंडीचा रस्ता जातो, तो खूप खुणावतो पण वर मोठमोठ्या दगडांचा खच आहे, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. डावीकडे गेलात तर कॉयलमब्रिज, म्हणजे दिवस लवकर आटोपायचा असेल तर ही पळवाट. आपण सरळ, लॉख मॉर्लिखकडे. लॉख मॉर्लिखला चक्क वाळूचा किनारा आहे आणि ग्लेनमोरला खायला-प्यायला मिळतं. यापुढे बराच वेळ काही नाही, त्यामुळे बाटल्या इथेच भरून घ्या.

ग्लेनमोर लॉजला डांबर संपतं आणि रायव्होनच्या खिंडीत चांगला खडीचा ट्रॅक सुरू होतो. थोड्याच वेळात उजव्या हाताला अन लॉखन ऊएन्य, म्हणजे हिरवं तळं. परी तिथे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं अशी गोष्ट सांगतात. रंग खरोखर तसा आहे, ढगाळ दिवशीही. तिथून पुढे फाटा फुटतो, उजवीकडचा ट्रॅक उंच डोंगरात जातो, आपण डावीकडे, रायव्होन बॉथीकडे. बॉथी म्हणजे डोंगरातली साधी दगडी खोली, कुलूप नाही, भाडं नाही, बुकिंग नाही, कुणीही रात्र काढू शकतो. १९६५ साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन स्वयंसेवकांच्या जिवावर अशा शंभरेक खोल्या सांभाळते. आत जाऊन बघा, कुणाचं सामान असेल तर हात लावू नका, कचरा आपला आपण परत न्या.

बॉथीनंतर झाडं संपतात, मोकळं माळरान लागतं आणि मग ॲबरनेथीच्या जंगलात लांब उतार. इथे मी टायर फाडून घेतलाय म्हणून सांगतो. ट्रॅकवर पावसाचं पाणी बाजूला काढायला आडव्या चऱ्या खणलेल्या असतात, काहींच्या कडेला धारदार दगड बसवलेला. मी वेगात होतो, मागचं चाक आदळलं, टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटाच्या पेराएवढी चीर. टायरमधलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) पिचकारीसारखं उडायला लागलं, भोक बुजेना. चिक्कीचं रिकामं वेष्टन होतं खिशात, ते चौपदरी घडी करून आतून चिरेवर धरलं, वरून ट्यूब टाकली, हवा नेहमीपेक्षा कमी भरली आणि ॲव्हीमोरपर्यंत हळूहळू आलो. तेव्हा उतारावर नजर वीस मीटर पुढे ठेवा, चरीआधी ब्रेक सोडा आणि पुढचं चाक हलकं करा.

ॲबरनेथीत ट्रॅक सोडू नका, विशेषतः वसंतात. कॅपरकेली नावाचा मोठा रानकोंबडा इथे जमिनीवर घरटं करतो आणि तो फार थोडा उरलाय. पुढे लॉख गार्टन. ब्रिटनमधून नाहीसा झालेला ऑस्प्रे हा मासेमार गरुड १९५० च्या दशकात परत आला आणि त्याने इथे घरटं केलं, त्याला अंडीचोरांपासून वाचवायला लोकांनी रात्रंदिवस पहारा दिला. मग स्पे नदीचा पूल, बोट ऑफ गार्टन गाव, आणि शेवटचे दहाएक किलोमीटर स्पेसाइड वेच्या सपाट, गोड वाटेवर. बाजूच्या रुळांवर वाफेचं इंजिन धावतं, वेळ जुळली तर मुलं असल्यासारखे हात हलवाल.

पुढचे रूट

पाय बसले की कोराऊर. मला विचाराल तर एका दिवसाचा याहून सुंदर रूट हायलँड्समध्ये नाही. वेस्ट हायलँड लाइनवर कोराऊर स्टेशन ४०८ मीटरवर आहे, ब्रिटनच्या मेनलाइनवरचं सगळ्यात उंच स्टेशन, आणि तिथे सार्वजनिक गाडीरस्ता जातच नाही. ट्रेन तुम्हाला माळावर सोडून निघून जाते आणि मग फक्त वारा ऐकू येतो. तिथून लॉख ओशनच्या काठाने इस्टेटचा उत्तम ट्रॅक, मग स्ट्राथ ओशनच्या खोऱ्यातून उतरत ए८६ रस्त्याजवळ, तिथून लॉख लॅगनच्या दक्षिणेकडून आर्डव्हेरीकी इस्टेटमधून ईशान्येला, लॅगन गाव, आणि न्यूटनमोर स्टेशनवरून दुसऱ्याच लाइनने परत. साठ किलोमीटरच्या वर जातं, वारा पाठीशी. वाटेत दुकान नाही, दिवसभराचं खाणं बरोबर. फोनला रेंज बराच वेळ नसते.

ग्लासगोच्या जवळ राहणाऱ्यांना ॲबरफॉइल बरं. ट्रेन तिथे जात नाही, मलगायपर्यंत ट्रेनने यायचं (स्पेलिंग मिलनगेव्हीसारखं आहे, उच्चार मलगाय) आणि पुढे सायकलने. लॉख आर्डच्या जंगलातून किनलॉखार्ड, छोट्या रस्त्याने स्ट्रोनाखलाखर, मग लॉख कॅट्रिनच्या उत्तर काठाने ट्रोसाक्स पिअर, आणि फॉरेस्ट ड्राइव्हच्या खडीवरून परत ॲबरफॉइल, ५५ ते ६० किलोमीटर. कॅट्रिनकाठचा रस्ता मुख्यतः डांबरीच आहे पण त्यावर पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे, कारण १८५९ पासून ग्लासगो या लॉखचं पाणी पितं. घरच्यांना आणायचं असेल तर हा रूट.

अगदीच नवशिके सोबत असतील तर फोर्ट विल्यमजवळ बनॅव्हीला या. थॉमस टेलफर्डने बांधलेला, १८२२ साली खुला झालेला कॅलेडोनियन कालवा तिथे दरवाजांच्या आठ कुंडांतून पायरीपायरीने चढतो, आणि त्याच्या काठचा सपाट रस्ता गेयरलॉखीपर्यंत दहा किलोमीटर शांत जातो.

बॅजर डिव्हाइड, म्हणजे इनव्हरनेस ते ग्लासगो सुमारे ३३० किलोमीटर, हे सगळ्यांचं स्वप्न असतं आणि असावं. पण त्यात कॉरीयारिकची खिंड येते, जनरल वेडने १७३१ साली बांधलेला लष्करी रस्ता, ७७० मीटरच्या आसपास, आज तो सुटे गोटे आणि वाहून गेलेल्या मातीचा आहे. चार दिवस धरा, तीन नको, आणि पहिल्याच ट्रिपला नको.

सायकल आणि सामान, थोडक्यात

टायर ४० मिमीच्या खाली नको, ४५ असेल तर उत्तम, ट्यूबलेस. मी ७० किलोचा, ४५ च्या टायरात पुढे २८ मागे ३१ पीएसआय ठेवतो. सगळ्यात हलका गिअर एकास एक (पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा) किंवा त्याहून हलका हवा, इथले चढ लांब नसले तरी खडीवर उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचं चाक घसरतं. दोन ट्यूब, टायरचं भोक बुजवायचे प्लग, पंप, चेनची कडी, डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा). रेनकोट जुलैतही. चिक्की आणि तिखटमिठाच्या पुऱ्या मी आजही नेतो, एनर्जी जेलपेक्षा त्या गारठ्यात जास्त उपयोगी पडतात.

फोनवरून ९९९ ला आधीच "रजिस्टर" असा एसएमएस पाठवून ठेवा (रोमन लिपीत, इथलं सिम लागेल). मग बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येते. फोन लागला तर ९९९ वर आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

चिलटं, गोचीड आणि महिना

मे अखेर ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं असतात, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी, पण ढगांनी येतात. वारा ताशी ११ किलोमीटरच्या वर गेला की ती उडू शकत नाहीत, म्हणून थांबायची जागा टेकाडावर, वाऱ्यात निवडा, पाण्याकाठच्या आडोशाला नको. संध्याकाळी पंक्चर काढायची वेळ आली तर डोक्यावर जाळी हवीच, ती काड्यापेटीएवढी मावते. गोचीड जास्त गंभीर, त्यातून लाइम हा आजार होतो. रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, पट्ट्याखाली बघायचं, सापडली तर गोचीड काढायच्या हुकने हळूच फिरवत वर काढायची, तेल-मीठ-काडी काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावली होती हे आपणहून सांगा, भारतात परत गेल्यावर तर नक्कीच, कारण तिथे पटकन कुणाच्या डोक्यात येणार नाही.

महिना निवडायची मुभा असेल तर मे. चिलटं नुकती सुरू होत असतात, पाऊस त्यातल्या त्यात कमी, डोंगरमाथ्यावर बर्फाचे पट्टे असतात आणि खाली कोवळी पालवी. जूनमध्ये इनव्हरनेसला अठरा तास उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेसहा. हेदर जांभळं बघायचं असेल तर ऑगस्ट, पण तेव्हा जाळी डोक्यावरच ठेवा आणि ॲव्हीमोरची खोली तीन महिने आधी बघा.